शरीरात बसवलेला अँटेना बाहेरच्या जगाशी बोलतो कसा?

मेंदूत चिप बसवलेला माणूस नुसत्या विचाराने संगणकाच्या पडद्यावरचा कर्सर हलवतो, ही बातमी २०२४ मध्ये जगभर गाजली. चर्चा चिपची झाली, मेंदूत शिरणाऱ्या बारीक इलेक्ट्रोडची झाली. डोक्याच्या त्वचेखाली पूर्ण झाकलेल्या त्या यंत्रातून माहिती बाहेर येते कशी, याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

पेसमेकर बसवलेल्या कितीतरी घरांत हाच प्रश्न रोज समोर असतो. दवाखान्यातून निघताना एक छोटा डबा हाती दिला जातो आणि सांगितलं जातं, 'हा उशाशी ठेवा, पेसमेकर रात्री आपोआप माहिती पाठवेल.' पाठवेल म्हणजे नेमकं काय करेल? छातीच्या त्वचेखाली, टायटॅनियमच्या बंद डबीत बसलेलं यंत्र दोन मीटरवरच्या डब्याशी बोलतं ते कशाच्या जोरावर?

वायर बाहेर काढता येत नाही. त्वचेला कायमचं भोक ठेवणं म्हणजे जंतूंना कायमची वाट देणं. म्हणून रेडिओलहरी, आणि रेडिओलहरी आल्या की अँटेना आला. चिप दर काही वर्षांनी आणखी लहान होते, अँटेना तसा होत नाही. त्याचा आकार कारखान्याच्या कौशल्यावर कमी आणि निसर्गनियमावर जास्त ठरतो. शरीराच्या आत गेल्यावर तर एक वेगळीच गोष्ट घडते: भोवतालचं मांस, चरबी, रक्त हे सगळं अँटेनाचाच भाग बनतं. हे एकदा नीट समजलं की या विषयातली बाकीची गुंतागुंत बरीच सुटते.

## अडतं कुठे?

अँटेना म्हणजे धातूचा असा तुकडा, ज्यात विजेचा प्रवाह सेकंदाला कोट्यवधी वेळा पुढे-मागे धावतो आणि त्यातली काही ऊर्जा लहरींच्या रूपाने सुटून बाहेर जाते. प्रवाह सेकंदाला किती वेळा पुढे-मागे होतो ती वारंवारिता, आणि त्याच्या एका फेरीत लहर जितकी पुढे जाते ती तरंगलांबी. वारंवारिता वाढली की तरंगलांबी कमी होते.

शरीरात बसवायच्या यंत्रांसाठी, म्हणजे इम्प्लांटसाठी, ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झ (एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख फेऱ्या) हा वारंवारितांचा पट्टा जगभर वापरात आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९८ मध्ये त्याची शिफारस केली आणि अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९९९ मध्ये तो या कामासाठी खुला केला. हा पट्टा आधीपासून हवामानाच्या फुग्यांना बांधलेल्या उपकरणांचा होता. आकाशातले फुगे आणि छातीतले पेसमेकर एकाच पट्ट्यात सुखाने नांदतात, कारण इम्प्लांटचा आवाज इतका क्षीण असतो की फुग्यांना त्याचा त्रास होत नाही.

या पट्ट्यात हवेतली तरंगलांबी साधारण ७४ सेंटिमीटर भरते. नीट काम करणाऱ्या साध्या अँटेनाला तिच्या निदान चौथ्या हिश्श्याइतकी लांबी लागते, म्हणजे साडेअठरा सेंटिमीटर. जवळजवळ वीतभर. नेहमीचा पेसमेकर चार-पाच सेंटिमीटर रुंद असतो. २०१६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला तारेविना पेसमेकर थेट हृदयाच्या कप्प्यात बसतो, त्याची लांबी २६ मिलिमीटर आणि जाडी ७ मिलिमीटरच्या आत. गिळायची कॅमेरा-कॅप्सूलही साधारण एवढीच, २६ बाय ११ मिलिमीटर. यात वीतभर तार ठेवायची कुठे?

## आखूड तारेतून खर्ज काढायचा

इथे तंबोऱ्याचा विचार करा. त्याच्या चारही तारा जवळपास सारख्याच लांबीच्या असतात, तरी खर्जाची तार जोडीच्या तारांपेक्षा पूर्ण एक सप्तक खाली बोलते. कारण ती जाड आणि जड असते. लांबी वाढवता येत नसेल तर तार जड करायची, म्हणजे तेवढ्याच लांबीत खालचा सूर निघतो. अँटेनालाही स्वतःचा असा एक सूर असतो. ज्या वारंवारितेला तो सहज डोलतो, तिलाच तो ऊर्जा भरभरून देतो-घेतो. लहान अँटेनाचा नैसर्गिक सूर वरचा असतो, आणि आपल्याला हवा असतो खर्ज.

तो खाली उतरवायचे मार्ग ठरलेले आहेत. धातूची पट्टी सरळ न ठेवता नागमोडी वळवायची किंवा चकलीसारखी गुंडाळायची, म्हणजे प्रवाहाला लांबचा रस्ता मिळतो. पट्टीचं एक टोक खालच्या धातूच्या पत्र्याला छोट्या खिळीने जोडायचं, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीचं काम पाव तरंगलांबीत भागतं. पट्टीच्या खाली आणि वर सिरॅमिकसारखा पदार्थ ठेवायचा, ज्यात लहरींचा वेग मंदावतो आणि तरंगलांबी आखडते. लॉस अँजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले याह्या रहमत-समी आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००४ मध्ये अशा गुंडाळलेल्या आणि नागमोडी अँटेनांचा शरीराच्या नमुन्यात पद्धतशीर अभ्यास मांडला. त्यानंतर या क्षेत्रात शोधनिबंधांचा ओघच सुरू झाला.

पण जड केलेली आखूड तार लांब तारेइतकी घुमत नाही. अँटेनाच्या बाबतीत हे गणितानेच सिद्ध झालेलं आहे. १९४७-४८ च्या सुमारास हॅरॉल्ड व्हीलर आणि लॅन जेन चू या अभियंत्यांनी दाखवलं की अँटेना ज्या गोलात मावतो त्या गोलाची त्रिज्या निम्मी केली, तर तो वारंवारितेच्या ज्या पट्ट्यात चालतो तो पट्टा साधारण एक-अष्टमांश उरतो. तुम्ही पट्टी कशीही वळवा, कोणताही पदार्थ वापरा, ही सीमा ओलांडता येत नाही. म्हणून कुणी 'क्रांतिकारी अतिसूक्ष्म अँटेना'ची बातमी दिली की माझा पहिला प्रश्न असतो, त्याने मोबदल्यात काय गमावलं? काहीतरी गमावलेलं असतंच: पट्ट्याची रुंदी, नाहीतर कार्यक्षमता.

## पाणी: तारक आणि मारकही

आता हा अँटेना हवेतून उचलून स्नायूत ठेवू. स्नायूत पाणी भरपूर, आणि पाण्याचे रेणू विद्युतक्षेत्रापुढे आपापली दिशा बदलत राहतात. त्यामुळे लहर मंदावते. पदार्थात लहर किती मंदावते हे ज्या आकड्यावरून कळतं त्याला अभियंते पर्मिटिव्हिटी म्हणतात. हवेसाठी तो १ असतो, ४०० मेगाहर्ट्झच्या आसपास स्नायूसाठी ५७, त्वचेसाठी ४७ च्या जवळपास, आणि चरबीसाठी जेमतेम साडेपाच, कारण चरबीत पाणी फार थोडं.

याचा अर्थ असा की हवेत ७४ सेंटिमीटर असलेली तरंगलांबी स्नायूत साडेनऊ-दहा सेंटिमीटरवर येते. पाव तरंगलांबी झाली अडीच सेंटिमीटरच्या आत. वाटलं, सुटला प्रश्न! शरीरानेच अँटेना लहान करून दिला.

तसं होत नाही, कारण शरीरातल्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात आणि खारं पाणी वीज वाहतं. लहरीतली ऊर्जा त्या क्षारांना हलवण्यात खर्ची पडते आणि उष्णता होऊन संपते. ४०३ मेगाहर्ट्झची लहर पाच सेंटिमीटर स्नायूतून गेली की तिच्या शक्तीचा साधारण सातवा हिस्सा उरतो. जे उरतं ते त्वचेपाशी पोचतं तेव्हा पुढे हवा असते, आणि ५७ वरून एकदम १ वर येताना निम्म्याहून जास्त शक्ती परत आत फेकली जाते.

सर्वांत मोठी गळती मात्र या प्रवासात होत नाही. ती अँटेनाच्या अगदी अंगालगत, पहिल्या काही मिलिमीटरमध्ये होते. लहान अँटेनाभोवती तीव्र विद्युतक्षेत्र साठलेलं असतं. हवेत ते नुसतं साठतं आणि परत येतं, कुणाचं काही जात नाही. शरीरात मात्र त्या जागी खारट ऊती असतात आणि त्या ऊर्जा पिऊन टाकतात. म्हणून धातू उघडा ठेवत नाहीत. सिलिकोन, पीक नावाचं प्लास्टिक, ॲल्युमिना किंवा झिरकोनियासारखं सिरॅमिक, असं काहीतरी शरीराला चालणारं वेष्टण त्यावर चढवतात. ते एखाद्या मिलिमीटरने जाड केलं तरी बाहेर पडणारी शक्ती लक्षणीय वाढते. पण वेष्टण जाड झालं की यंत्र मोठं होतं, आणि धातूला उतींचा स्पर्श जितका कमी तितका तरंगलांबी आखडण्याचा फायदाही कमी. शरीर एका हाताने देतं ते दुसऱ्या हाताने काढून घेतं, आणि अभियंत्याला मधली जागा शोधावी लागते.

यातून एक उपयोगी धडा मिळाला. ऊती विद्युतक्षेत्राला गिळतात, पण चुंबकीय क्षेत्राच्या दृष्टीने शरीर जवळपास हवेसारखंच असतं. त्यामुळे ज्या अँटेनाभोवती चुंबकीय क्षेत्राचं प्राबल्य असतं, उदाहरणार्थ तारेचा बंद वेढा, तो शरीरात बऱ्याचदा सरळ तारेपेक्षा सरस ठरतो.

इतकं सगळं करून शेवटी हाती काय लागतं? ४०० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहान इम्प्लांट अँटेनातून बाहेर पडणारी शक्ती बहुधा आत दिलेल्या शक्तीच्या हजाराव्या हिश्श्याच्या आगेमागे असते. हवेतल्या अँटेनाचा असा निकाल आला तर त्याला नापास करतील. इथे तो चालतो, कारण बोलायचं अंतर फक्त एक-दोन मीटर असतं.

## टायटॅनियमच्या डबीतून लहर बाहेर येते कुठून?

पेसमेकर हातात घेऊन पाहिला तर त्याचे दोन भाग स्पष्ट दिसतात. खालची चपटी, करड्या रंगाची डबी टायटॅनियमची. तिच्यात बॅटरी आणि सर्किट. वरच्या कडेला पारदर्शक प्लास्टिकसारखा ठोकळा, ज्यात हृदयाकडे जाणाऱ्या तारा खोचतात. टायटॅनियम म्हणजे धातू, आणि धातूच्या बंद डबीतून या वारंवारितेची लहर बाहेर पडत नाही. म्हणून अँटेनाला जागा मिळते ती वरच्या पारदर्शक ठोकळ्यात, तारांच्या खोबणींच्या आजूबाजूला उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत. तिथला धातू अँटेनाच्या सुरावर परिणाम करतो, आणि खालची डबीही अँटेनाचा अर्धा भाग म्हणून वागते. यंत्राचा आकार बदलला की अँटेनाची आखणी पुन्हा पहिल्यापासून.

जुन्या पेसमेकरना हा ठोकळ्यातला अँटेना नव्हता. डबीच्या आत एक वेटोळं असायचं आणि तपासताना डॉक्टर दुसरं वेटोळं छातीवर टेकवून धरायचे. खूप कमी वारंवारितेचं चुंबकीय क्षेत्र टायटॅनियमच्या पातळ पत्र्यातून जाऊ शकतं. पद्धत भरवशाची होती, पण अंतर काही सेंटिमीटरचं. रात्री झोपेत, कुणी हात न लावता माहिती जायची तर रेडिओ हवाच.

## मग वारंवारिता वाढवली तर?

हा आक्षेप अगदी रास्त आहे. ब्लूटूथ ज्या पट्ट्यात चालतं त्या २.४५ गिगाहर्ट्झला, म्हणजे २४५० मेगाहर्ट्झला, हवेतली तरंगलांबी बारा सेंटिमीटर, स्नायूत पावणेदोनच्याही आत. अँटेना आपोआप सहापट लहान. शिवाय समोर खास डबा नको, मोबाइलच पुरे.

किंमत मोजावी लागते खोलीत. तेच पाच सेंटिमीटर स्नायू घ्या. ४०३ मेगाहर्ट्झला सातवा हिस्सा उरला होता, २.४५ गिगाहर्ट्झला उरतो साधारण नव्वदावा. त्वचेखाली सेंटिमीटरभर बसणाऱ्या यंत्राला हे परवडतं, म्हणून अलीकडचे अनेक पेसमेकर आणि हृदयाची लय नोंदवणारी छोटी यंत्रं मोबाइलशी ब्लूटूथने बोलतात. पोटात खोलवर असलेल्या यंत्रासाठी तोच निर्णय चुकीचा ठरू शकतो.

पण 'कमी वारंवारिता म्हणजे चांगली' असाही सरधोपट नियम नाही. अँटेना अगदीच दोन-तीन मिलिमीटरचा असेल तर कमी वारंवारितेला तो इतका दुबळा पडतो की ऊतींनी कमी गिळल्याचा फायदा त्यात वाहून जातो. स्टॅनफर्डच्या ॲडा पून यांनी हे गणित मांडून दाखवलं की मिलिमीटरच्या आकाराच्या इम्प्लांटला बाहेरून वीज पुरवायची तर योग्य वारंवारिता गिगाहर्ट्झच्या घरात असते. पूर्वीचा समज याच्या उलट होता. त्यांच्या गटाने २०१४ मध्ये काही मिलिमीटरचं, बॅटरी नसलेलं यंत्र प्राण्यांत चालवून दाखवलं. कोणती वारंवारिता बरोबर, हे यंत्र किती लहान आणि किती खोल यावर ठरतं.

## शक्ती वाढवून का भागत नाही?

पहिली आडकाठी नियमाची. ४०२ ते ४०५ मेगाहर्ट्झमध्ये शरीराबाहेर जाणारी शक्ती २५ मायक्रोवॅटपेक्षा जास्त चालत नाही. चालू पिढीतला मोबाइल टॉवर दूर असताना ०.२ वॅटपर्यंत शक्ती वापरतो. म्हणजे आठ हजार पटींचा फरक.

दुसरी आडकाठी बॅटरीची, आणि माझ्या मते खरी अडचण हीच आहे. पेसमेकरची बॅटरी साधारण एक अँपिअर-तासाची धरू आणि ती दहा वर्षं पुरवायची आहे असं मानू. भागाकार केला तर सरासरी खर्चाला मिळतात अकरा मायक्रोअँपिअर. त्यातच हृदयाला ठोके द्यायचे, लय ऐकायची, नोंदी ठेवायच्या. रेडिओ चालू झाला की तो काही मिलिअँपिअर ओढतो. पाच मिलिअँपिअर धरले तर तासभर अखंड बोलण्याने यंत्राचं सुमारे अठरा दिवसांचं आयुष्य संपतं. बॅटरी संपली की पुन्हा शस्त्रक्रिया.

म्हणून इम्प्लांटचा रेडिओ जवळजवळ सर्व वेळ झोपलेला असतो. पण झोपलेल्याला हाक ऐकू यायला हवी. काही चिपमध्ये त्यासाठी वेगळी सोय असते: २.४५ गिगाहर्ट्झवर एक अतिशय काटकसरी श्रोता अधूनमधून कानोसा घेतो, हाक आली की ४०० मेगाहर्ट्झचा मुख्य रेडिओ जागा होतो, काही सेकंदांत माहिती देतो आणि पुन्हा झोपतो. अँटेनाच्या आखणीत याचा अर्थ असा की त्या एवढ्याशा पट्टीने दोन पूर्ण वेगळे सूर लावले पाहिजेत.

## आतल्या आत भाजणार तर नाही?

भीती स्वाभाविक आहे आणि तिला 'काही होत नाही' असं झटकून टाकणं मला पटत नाही. आकडे पाहू.

या लहरी क्ष-किरणांसारख्या रेणू तोडणाऱ्या नाहीत. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे उष्णता. एक किलो ऊतीत किती वॅट जिरतात यावर मर्यादा घातलेली आहे. अमेरिकेतली मर्यादा कोणत्याही एक ग्रॅम ऊतीत सरासरी १.६ वॅट प्रतिकिलो, आणि अनेक देशांत दहा ग्रॅममागे २ वॅट प्रतिकिलो. आता समजा इम्प्लांटने अँटेनाला एक मिलिवॅट दिला आणि तो सगळाच्या सगळा एकाच ग्रॅममध्ये जिरला. हिशोब येतो १ वॅट प्रतिकिलो. मर्यादेच्या आत, पण फार लांब नाही. प्रत्यक्षात तो मिलिवॅट जास्त ऊतींत पसरतो आणि रेडिओ दिवसातून काही सेकंदच बोलतो, त्यामुळे सरासरी उष्णता नगण्य राहते. तरीही प्रत्येक आखणीत हा हिशोब करावाच लागतो, कारण अँटेना जितका लहान तितकं त्याच्या एखाद्या टोकाशी क्षेत्र एकवटतं.

खरा भाजण्याचा धोका वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि तिथे कुणी अँटेना बसवलेलाच नसतो. पेसमेकरपासून हृदयापर्यंत जाणारी तार पन्नास-साठ सेंटिमीटरची असते. एमआरआय यंत्र, दीड टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाच्या जोराचं माप) असेल तर, ६४ मेगाहर्ट्झच्या जोरदार रेडिओलहरी शरीरात सोडतं. शरीराच्या आत त्यांची तरंगलांबी या तारेच्या लांबीच्या जवळपास येते. नको असताना ती तार उत्तम अँटेना बनते, ऊर्जा गोळा करते आणि आपल्या टोकापाशी, म्हणजे नेमकी हृदयाच्या स्नायूत, ओतते. यामुळेच पेसमेकर असलेल्यांना वर्षानुवर्षं एमआरआय नाकारला जायचा. तारेची आतली रचना बदलून हे तापणं आटोक्यात आणलेला पहिला पेसमेकर अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झाला. आजही एमआरआयच्या आधी पेसमेकर आणि तार दोन्ही कोणत्या प्रकारची आहेत हे तपासतात, ते याच कारणासाठी.

मोबाइलबद्दलचा सल्लाही इथेच सांगून टाकतो. मोबाइल पेसमेकरपासून १५ सेंटिमीटर लांब ठेवा, म्हणजे त्याच बाजूच्या छातीवरच्या खिशात नको. यामागे रेडिओलहरींइतकंच काही फोनमधलं चुंबक कारणीभूत आहे. डॉक्टरांना चुंबक धरून पेसमेकर एका ठरलेल्या अवस्थेत नेता यावा, अशी सोय यंत्रात मुद्दाम केलेली असते. फोनमधलं जोरदार चुंबक अगदी जवळ आलं तर यंत्राची तीच समजूत होते.

## प्रयोगशाळेत जमलं, माणसात बिघडलं

मैफलीत तंबोऱ्याचा सूर ढळतो, तसा शरीरात अँटेनाचाही ढळतो. फरक इतकाच की इथे पुन्हा खुंटी पिळायला हात आत घालता येत नाही.

स्नायूसाठी लावलेला सूर चरबीत ठेवला की बराच वर सरकतो, कारण चरबीची पर्मिटिव्हिटी स्नायूच्या दहाव्या हिश्श्याइतकी. रोगी बारीक असतो, जाड असतो, वर्षभरात दहा किलो वाढतो. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत शरीर यंत्राभोवती तंतुमय आवरण विणतं. रोगी कुशीवर वळला की समोरची दिशाच बदलते. गिळलेली कॅमेरा-कॅप्सूल तर आतड्यात कोलांट्या घेत जाते, तिला कोणत्याही बाजूने बोलता आलंच पाहिजे. नियमाने पट्टा दिलाय फक्त तीन मेगाहर्ट्झचा, पण अँटेना याहून कितीतरी रुंद पट्ट्यात चालेल असा आखतात, तो या सगळ्या सरकण्याची भरपाई म्हणून.

जिवंत माणसात चाचण्या घेत बसता येत नाही, म्हणून नकली ऊती बनवतात. त्याचं साहित्य वाचून आश्चर्य वाटतं: शुद्ध पाणी, साखर आणि मीठ. साखरेने पर्मिटिव्हिटी खाली येते, मिठाने वीज वाहण्याची क्षमता वाढते. ४०० मेगाहर्ट्झसाठीच्या एका प्रचलित मिश्रणात वजनाने निम्म्याहून जास्त साखर आणि दोन-अडीच टक्के मीठ असतं. या चिकट पाकात अँटेना बुडवून मोजमाप घेतात. मोजमापाला केबल लागते, आणि इथेच फसगत होते. अँटेना बोटाच्या पेराएवढा, केबल हातभर. प्रवाह केबलच्या बाहेरच्या आवरणावरून मागे वाहायला लागतो आणि केबलच अँटेनासारखी लहरी सोडते. आकडे छान येतात, पण ते केबलचे असतात. म्हणून जाणकार गट अँटेनाला छोटी बॅटरी आणि छोटा ट्रान्समीटर जोडून, केबल काढून टाकून, पुन्हा मोजतात.

दुसरी फसगत त्याहून सूक्ष्म. बऱ्याच शोधनिबंधांत अँटेना चांगला असल्याचा पुरावा म्हणून एकच आलेख असतो: दिलेल्या शक्तीपैकी किती परत फिरली. परत आली नाही म्हणजे बाहेर गेली, असं गृहीत धरलं जातं. ती ऊतीत जिरलेलीही असू शकते. अँटेनाच्या जागी योग्य किमतीचा साधा रेझिस्टर, म्हणजे विजेची उष्णता करून टाकणारा सुटा भाग, जोडला तर आलेख उत्कृष्ट येईल आणि बाहेर काहीही जाणार नाही. ऊती जितकी जास्त शक्ती गिळतील तितका पट्टा रुंद दिसतो. ज्या लेखात बाहेर पोचलेली शक्ती मोजलेली नाही, त्या लेखातल्या 'रुंद पट्ट्या'वर मी विश्वास ठेवत नाही.

## कुणी हे यंत्र हॅक करेल का?

शक्यता काल्पनिक नाही. २००८ मध्ये अमेरिकी संशोधकांनी प्रयोगशाळेत एका हृदय-डिफिब्रिलेटरशी (विजेचा धक्का देऊन हृदयाची लय सावरणाऱ्या इम्प्लांटशी) रेडिओवरून अनधिकृत संपर्क साधून त्याच्या मांडणीत बदल करून दाखवले. यंत्र कुणाच्या शरीरात नव्हतं आणि प्रयोग अगदी जवळून केला होता. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ४,६५,००० पेसमेकरसाठी सुरक्षेची त्रुटी बुजवणारं सॉफ्टवेअर मंजूर झालं. रोग्यांना दवाखान्यात जाऊन ते काही मिनिटांत घेता आलं, शस्त्रक्रिया लागली नाही.

अँटेनाची पोच कमी असणं ही सुरक्षा नाही. ऐकणाऱ्याकडे मोठा अँटेना आणि संवेदनशील रिसीव्हर असेल तर अंतर वाढतं. कुलूप लागतं ते सांकेतिक भाषेचं, आणि ते चालवायलाही बॅटरीतून वाटा काढावा लागतो. रोग्याच्या दृष्टीने दूरस्थ देखरेखीचा फायदा या धोक्यापेक्षा खूप मोठा आहे, असं मला ठामपणे वाटतं. सॉफ्टवेअरची सूचना आली की ती घ्यावी, एवढं मात्र टाळू नये.

## अँटेनाच नको, असं काही करता येईल?

काही ठिकाणी ते झालेलंही आहे. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे बहिऱ्या व्यक्तींसाठीचं कानातलं यंत्र, त्वचेच्या आत एक आणि बाहेर एक अशा समोरासमोरच्या दोन वेटोळ्यांवर चालतं. अंतर काही मिलिमीटर, वीज आणि आवाज दोन्ही तिथूनच जातात.

हृदयविकाराच्या रोग्यांच्या फुप्फुसधमनीत बसवायचा एक दाबमापक २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. त्यात बॅटरी नाही, ट्रान्समीटर नाही. फक्त एक वेटोळं आणि दाबाने बदलणारा कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा भाग. रक्ताचा दाब वाढला की त्याचा सूर सरकतो. रोगी एका खास उशीवर झोपतो, उशीतला मोठा अँटेना त्या वेटोळ्याला छेडतो आणि सूर कुठे लागला ते ऐकतो. वर ज्या गोष्टीला दोष म्हटलं, भोवतालाप्रमाणे सूर बदलणं, तीच इथे मोजमाप बनली आहे. या क्षेत्रातली मला सर्वांत आवडणारी कल्पना ही.

२०२३ मध्ये मंजूर झालेल्या एका जोडीत दोन तारेविना पेसमेकर हृदयाच्या दोन कप्प्यांत बसतात आणि ठोक्याठोक्याला एकमेकांशी बोलतात. ते रेडिओ वापरत नाहीत. क्षीण विद्युतस्पंद थेट रक्तातून आणि ऊतींतून पाठवतात, कारण खारं रक्त वीज वाहतं. ज्या खारटपणाने रेडिओलहरीचा घात केला, त्याचीच तार केली.

अल्ट्रासाऊंडचाही मार्ग आहे. ध्वनी ऊतींत सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो, म्हणून एक मेगाहर्ट्झलाच त्याची तरंगलांबी दीड मिलिमीटर असते. मिलिमीटरचा स्फटिक त्याला पुरेसा होतो. बर्कलीच्या संशोधकांनी २०१६ मध्ये असा अल्ट्रासाऊंडवर चालणारा सूक्ष्म संवेदक उंदराच्या चेतातंतूवर बसवून दाखवला. चुंबकीय आणि दाबविद्युत (दाबल्यावर वीज निर्माण करणारे) थर एकावर एक बसवून, लहर आधी यांत्रिक कंपनात बदलणारे अँटेनाही प्रयोगशाळांत आकार घेत आहेत. कंपनाचा वेग कमी असल्याने त्यांचा आकार कितीतरी पटींनी घटतो, पण बाहेर पडणारी शक्ती अजून फार तोकडी आहे.

आणि यातला जवळजवळ प्रत्येक पर्याय त्वचेपाशी येऊन थांबतो. अल्ट्रासाऊंड हवेत शिरत नाही, त्याला अंगाला चिकटलेला पॅच लागतो. रक्तातून जाणारे विद्युतस्पंद शरीराबाहेर जात नाहीत. वेटोळ्यांना अंगाशी अंग लागतं. झोपलेल्या माणसाने काहीही न करता उशाशी ठेवलेल्या डब्यापर्यंत माहिती पोचवायची असेल, तर निदान आज तरी त्या पारदर्शक ठोकळ्यातल्या चिंचोळ्या पट्टीत कुणीतरी अँटेना बसवूनच द्यावा लागतो.